जांघेतील गाठी काढल्यावर

पायाचा काटा चिघळला की जांघेत अवधाण येते, हे खांब-कोलाडकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. याच लसिकाग्रंथींत लिंगाचा, योनिमुखाचा किंवा पायाच्या त्वचेचा कर्करोग पसरला तर त्या काढाव्या लागतात. परळच्या टाटा रुग्णालयात ही शस्त्रक्रिया होते. नंतर टाके उसवणे, पू होणे, पाणी साचणे, कडेची कातडी काळी पडणे हे त्रास बऱ्याच जणांना होतात. पण रोग तेवढ्यापुरताच असेल तर तिनेच जीव वाचू शकतो. भिऊन टाळू नये.

पुढे पाय सुजला की घरचे म्हणतात, हत्तीपाय झाला! हा डासांचा रोग नव्हे. लसिकेची वाटच तुटलेली असते. झोपताना पाय उशीवर ठेवावा, डॉक्टरांनी सांगितलेला पट्टा बांधावा. लावणीच्या चिखलात अनवाणी उतरू नये. पाय लाल, गरम होऊन हुडहुडी भरली तर लेप लावत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.