विलायती तलवारीची पारख

परदेशी पात्याचे आकर्षण आपल्याकडे जुनेच. युरोपातून गलबतांनी आलेली सरळ पाती आणि त्यांवर इथल्या कारागिरांनी चढवलेली मूठ, अशा तलवारीला मराठ्यांनी 'फिरंग' असे नावच देऊन टाकले. परंतु जुन्या घराण्यांच्या दिवाणखान्यात आज जी 'विलायती तलवार' दिसते ती बहुधा फिरंग नसते. ती एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली इंग्रजी अंमलदारी तलवार असते. तिच्या जाळीदार मुठीचे कौतुक पुष्कळ होते. तिची खरी ओळख मात्र मुठीपासून दोन बोटांच्या अंतरावर, पात्यावरच उमटलेली असते.

लंडनच्या हेन्री नॉक या बंदूककाराचा कारखाना १८०५ च्या सुमारास जेम्स विल्किन्सनकडे आला. त्याचा मुलगा हेन्री विल्किन्सन. बंदुकीची नळी बार काढून पारखतात, मग पाते का पारखू नये, असा विचार त्याने केला आणि पात्यावर ठराविक जोराचा आघात करणारे यंत्र योजले. या कसोटीला उतरलेल्या पात्यात पितळेची लहान टिकली ठोकली जाई. उत्तम प्रतीच्या पात्यावर त्या टिकलीत 'एच्. डब्ल्यू.' ही अक्षरे असत. १८५४ च्या सुमारापासून पात्याच्या पाठीवर अनुक्रमांकही येऊ लागला. कारखान्याच्या वह्यांपैकी पुष्कळ शिल्लक असल्याने त्या आकड्यावरून तलवार कोणत्या वर्षाची आणि पुष्कळदा कोणी घेतली, हेही काढता येते. आजोबांच्या नावाची खात्री करून घ्यायची असेल तर भिंग घेऊन आधी हा आकडा शोधावा.

टिकली दिसली की भुलू नये, हे मात्र ध्यानात असावे. 'कसोटी झाली' एवढेच इंग्रजी अक्षरांत सांगणारी टिकली इतरही दुकानदार बसवीत, आणि तिची हमी दुकानदाराच्या अब्रूइतकीच. पात्यावर कोरलेल्या राजमुद्रेतून काळ कळतो: एडवर्ड सातवा १९०१ ते १९१०, पंचम जॉर्ज १९१० ते १९३६. दरबारी समारंभासाठी काही जण मुद्दाम अरुंद, हलके पाते करवून घेत. ते वाईट नव्हे, पण लढाईच्या तलवारीचा भाव त्याला देणे भाबडेपणाचे. पात्याचा कस पाहण्यासाठी ते जमिनीला टेकवून वाकवण्याची खोड काही हौशी मंडळींना असते. कारखान्यात झालेली परीक्षा शंभर वर्षांनी घरी पुन्हा घेऊ नये. पाते तुटले तर दुरुस्ती नाही. डोळ्यासमोर धरून पाठ सरळ आहे का, मूठ हलते का, एवढे पुरे.

सुऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध ती फेअरबर्न-साइक्स. शांघायच्या पोलिसांत नोकरी केलेल्या दोघांनी ती योजली आणि १९४१ च्या जानेवारीत विल्किन्सनने ती प्रथम बनवली. पहिल्या घडणीची आडवी पट्टी इंग्रजी 'एस्' अक्षरासारखी वळलेली, दुसरीची सरळ, आणि तिसरीच्या मुठीवर कडी. पहिली दुर्मिळ, म्हणून तिच्या नकला फार. टोक सुईसारखे असल्याने मोडलेली टोके घासून पुन्हा काढलेल्या सुऱ्याही विकायला येतात.

धारेविषयी एक हकीकत हैदराबादची. घोडदळातला कॅप्टन नोलन (१८५४ साली बालाक्लाव्याला पडला तो) निजामाच्या बेकायदी घोडदळाच्या तलवारींच्या जखमांचे वर्णन वाचून थक्क झाला. चौकशीत निघाले असे की ती पाती इंग्रजांनीच टाकून दिलेली होती! इथल्या शिलेदारांनी त्यांना वस्तऱ्यासारखी धार लावून नव्या मुठी बसवल्या होत्या, आणि लाकडी म्यानात ठेवून लढाईखेरीज ती उपसत नसत. इंग्रज शिपायाची तीच धार लोखंडी म्यानात रोज घासून बोथट होई.

चामडी म्यानात मात्र तलवार वर्षानुवर्षे ठेवू नये. चामड्यात दमट हवा साचून पाते गंजते. दसऱ्याला विटकरीचा भुगा किंवा चिंच लावून ते लख्ख करण्याची रीत कितीही जुनी असली, तरी तिच्यापायी मुद्रा, कोरीवकाम आणि तो आकडाही पुसला जातो. मऊ फडक्याने किंचित तेल फिरवावे आणि म्यान वेगळे ठेवावे.