लावणी नर्तकीचा तळपाय : चाळ, रंगमंच आणि पादत्राणे

नर्तकाच्या पादत्राणांचा विचार बहुधा पाश्चात्त्य नृत्याच्या संदर्भात केला जातो. बॅलेतील कडक टोकाचे बूट किंवा फ्लॅमेंकोतील खिळे ठोकलेली टाच ही नृत्याची साधनेच होत. लावणीत ते स्थान चाळांना असून पाय अनवाणी असतो. करकंब परिसराला हा विषय परका नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म १९३५ मध्ये पंढरपूर येथे झाला. शेजारच्या माढा तालुक्यातील मोडनिंब संगीत बारीसाठी परिचित आहे.

लावणी नर्तकीला बूट सुचविणे निरर्थक ठरते. तळव्याचा आघात जमिनीवर थेट पडावा, ही या नृत्याची गरजच आहे. मानवी पायात २६ हाडे असतात. टाचेखालील मेदाची गादी आघात झेलते, परंतु वयोमानानुसार तिची लवचिकता घटते. चाळांचे वजन घोट्याशी, म्हणजे कमरेपासून सर्वांत दूर असल्याने प्रत्येक वेळी पाय उचलताना व थांबविताना पोटरी, गुडघा आणि कंबर यांवर ताण येतो. चाळ सैल असल्यास त्वचा सोलवटते, अतिघट्ट असल्यास पाय सुजतो. त्याखाली सुती पट्टी बांधणे हा साधा उपाय होय.

आघात कमी करण्याचे काम मग रंगमंचाकडे येते. फळ्यांचा मंच किंचित लवतो, काँक्रीटवरील फरशी लवत नाही. महाविद्यालयीन युवा महोत्सवाची तालीम मात्र अनेकदा फरशीवरच चालते. तिच्यावर सतरंजी अंथरली की काम झाले, असा समज आढळतो. वस्तुतः सतरंजीने धक्का फारसा कमी होत नाही, उलट पाय घसरण्याची भीती वाढते.

पादत्राणांचा प्रश्न उरतो तो मंचाबाहेर. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभलेल्या कोल्हापुरी चपलेच्या उत्पादनक्षेत्रात सोलापूर जिल्ह्याचाही समावेश आहे. तिच्यात बोटे मोकळी राहतात; मात्र तिचा सपाट, कठीण तळ दुखऱ्या टाचेला आधार देत नाही. अशा वेळी मऊ तळाची, टाचेकडे किंचित उंच चप्पल अधिक योग्य. मधुमेही ज्येष्ठ कलावतीच्या पायाची संवेदना मंदावलेली असू शकते, त्यामुळे रुतलेला खिळाही तिला जाणवेलच असे नाही. तिच्यासाठी प्रयोगापूर्वी फळ्या आणि प्रयोगानंतर तळवे तपासणे अपरिहार्य ठरते. फळ्या तपासण्याची जबाबदारी आयोजकाची आहे.