परवान्याची परीक्षा आणि ग्रंथांची पारख

रशिया, जॉर्जिया किंवा फिलिपिन्स येथून वैद्यकीय पदवी संपादन करून स्वदेशी परतणाऱ्या विद्यार्थ्याला व्यवसायाची सनद मिळण्यापूर्वी जी एफएमजीई परीक्षा द्यावी लागते, तिच्या 300 प्रश्नांपैकी 150 बरोबर आले की काम भागते, आणि चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. सबब ग्रंथसंग्रह वाढविण्यापेक्षा तो नेमका निवडण्यातच शहाणपण आहे. भारतीय लसीकरणाचे वेळापत्रक, 2020 साली नाव बदललेला क्षयरोगविषयक राष्ट्रीय कार्यक्रम, असे विषय परदेशी अभ्यासक्रमात सहसा नसतात आणि त्यांचा तपशील बदलतही राहतो; म्हणून सामाजिक वैद्यकशास्त्रावरील पार्क यांच्या ग्रंथाची जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. विषयागणिक एक पुस्तक, एक प्रश्नसंच आणि चुकलेल्या प्रश्नांची वही, एवढा सरंजाम पुरेसा होय.