छावणीतल्या गोष्टी, दोन लिप्यांत

कल्याणपासून पाच-सहा किलोमीटरवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करासाठी बॅरकी बांधल्या गेल्या. युद्ध संपलं, देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांनी त्याच बॅरकींत संसार मांडले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नव्या वसाहतीची कोनशिला बसवली. उल्हास नदीवरून तिचं नाव पडलं उल्हासनगर. पत्ता विचारला की मात्र अजूनही ‘कँप नंबर तीन’, ‘कँप नंबर चार’ असंच उत्तर मिळतं.

ठाणे-डोंबिवलीकरांना हे गाव माहीत आहे ते जीन्स, फर्निचर आणि ‘मेड इन यूएसए’च्या विनोदामुळे; यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! तिथल्या लिहित्या माणसांची ओळख त्या मानाने कमी. सिंधमधल्या कोटरीत जन्मलेले मोहन कल्पना याच छावणीत राहिले आणि सिंधी कथा-कादंबरीतलं मोठं नाव झाले. त्यांच्या ‘उहा शाम’ कादंबरीला 1984 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मुंबईत राहिलेल्या, मूळ हैदराबाद सिंधच्या पोपटी हिरानंदानी यांना हाच पुरस्कार 1982 साली आत्मचरित्रासाठी मिळाला होता.

म्हणजे गोष्टी लिहिल्या गेल्या, गौरवल्याही गेल्या. पण नातवंडांना त्या वाचता येतात का?

अडचण लिपीची आहे. सिंधीची 52 अक्षरांची अरबी वर्णमाला ब्रिटिशांनी 1853 साली प्रमाण केली. फाळणीनंतर 1950 साली केंद्र सरकारने सिंधीसाठी देवनागरी ठरवली. त्यावर वाद पेटला आणि पुढच्याच वर्षी अरबी लिपीलाही मान्यता द्यावी लागली. 10 एप्रिल 1967 रोजी सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. 2011च्या जनगणनेत देशात सुमारे 27 लाख 72 हजार लोकांनी (यात कच्छी बोलणारेही आले) सिंधी ही मातृभाषा सांगितली. पण आजोबांनी शाळेत गिरवलेली लिपी एक आणि मराठी, हिंदी किंवा इंग्रजी शाळेत गेलेल्या नातीची दुसरी.

अशा घरासाठी दोन लिप्यांतलं गोष्टीचं पुस्तक करायला बसलं की पहिला पेच बांधणीचाच येतो. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे एकाचं मुखपृष्ठ ते दुसऱ्याचं मलपृष्ठ. दोन्ही टोकांकडून सुरू होणारं पुस्तक करावं, तर चित्रं दोनदा छापावी लागतात. एकाच पानावर वर एक आणि खाली दुसरी लिपी ठेवावी, तर चित्रांचा क्रम कुठल्या बाजूने चालवायचा ते ठरवावं लागतं. कराचीहून मुंबईला निघालेली बोट एका वाचकाला पुढे जाताना दिसते, दुसऱ्याला मागे.

देवनागरीतली सिंधीही जशीच्या तशी मराठी टंकात बसत नाही. श्वास आत ओढून उच्चारायच्या चार व्यंजनांना ॻ, ॼ, ॾ, ॿ अशी खाली रेघ असलेली अक्षरं लागतात. युनिकोडमध्ये ती 2006 साली आली.

एकच गोष्टीचं पुस्तक अनेक भाषांत करण्याचा उद्योग इतरत्रही चालू आहे. दक्षिण आफ्रिकेतला ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ प्रकल्प आणि बंगळुरूच्या ‘प्रथम बुक्स’ने 2015 साली सुरू केलेलं ‘स्टोरीवीव्हर’ यांची पुस्तकं खुल्या परवान्याची असतात. चित्रं तीच ठेवून कुणीही आपल्या भाषेतला मजकूर घालू शकतो. निर्वासितांच्या आठवणी जमवण्याचं कामही झालं आहे, बहुतेक इंग्रजीत. रीटा कोठारी यांनी सिंधी फाळणीकथांचा इंग्रजी संग्रह 2009 साली आणला. पुण्याच्या साझ अगरवाल यांनी आईच्या आठवणींपासून सुरुवात करून सिंधवरचं पुस्तक 2012 साली प्रकाशित केलं.

उल्हासनगरच्या बालपुस्तकाला यातून कच्चा माल मिळतो: बोटीवरचा प्रवास, गोणपाट लावून वाटून घेतलेली बॅरक, रेशनची रांग, पापड लाटणाऱ्या बायका, लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकणारी पोरं. फाळणीच्या वेळी दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या घरात आहे, त्यामुळे आधी आवाज ध्वनिमुद्रित करणं आणि लिपीचा वाद नंतर मिटवणं शहाणपणाचं. देवनागरी सिंधी आणि मराठी समोरासमोर छापली, तर शेजारच्या विठ्ठलवाडीतलं मराठी मूलही सिंधी ओळ अक्षर लावून वाचू शकेल. अरबी लिपीची आवृत्ती त्याच चित्रांवर वेगळी निघू शकते. ती आजोबांना चालेल आणि सीमेपलीकडच्या सिंधमध्येही वाचता येईल.