गोलंदाजाचा हिशेब: एका सामन्यापासून कारकिर्दीपर्यंत

२४ सप्टेंबर २०१९ रोजी सुरतच्या लालाभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला टी-ट्वेंटी सामन्यात ११ धावांनी हरवलं. त्या दिवशी ऑफस्पिनर दीप्ती शर्माचं पृथक्करण होतं ४-३-८-३. गोलंदाजाच्या अख्ख्या कारकिर्दीचा हिशेब अशाच चार आकड्यांवर उभा राहतो. आपण सुरतच्याच लिंबायत-उधना भागातल्या टेनिस बॉल संघाची वही सांभाळत असलात, तरी रीत हीच.

पहिली पायरी, आकडे वाचणं. क्रम असा: षटकं, निर्धाव षटकं, दिलेल्या धावा, घेतलेले बळी. दीप्तीने चार षटकं टाकली, त्यातली तीन निर्धाव गेली, म्हणजे गोलंदाजाच्या नावावर एकही धाव न चढता. आठही धावा उरलेल्या एकाच षटकात गेल्या, आणि बळी मिळाले तीन.

दुसरी पायरी, धावा कोणाच्या खात्यावर टाकायच्या ते ठरवणं. नवखे स्कोअरर सगळ्यात जास्त इथे चुकतात. वाइड आणि नो-बॉलची धाव गोलंदाजाच्या नावावर चढते. बाय आणि लेगबायची नाही. म्हणून षटकात दोन बाय गेल्या तरी ते निर्धावच, पण एक वाइड पडला की निर्धाव राहत नाही. वाइड-नोबॉलची धाव मोजायची, चेंडू मात्र सहांत धरायचा नाही.

तिसरी पायरी, बळी. त्रिफळा, झेल, पायचीत, यष्टिचीत आणि स्वयंचित हे गोलंदाजाचे. धावबाद त्याचा नाही, मग चेंडू त्याचा असो वा थेट फेक त्याची असो.

इथे बेसबॉलची आठवण काढायला हरकत नाही. तिथला फेकणारा म्हणजे पिचर. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे गेलेल्या धावा त्याच्या सरासरीत धरत नाहीत. उरलेल्या धावांना ९ ने गुणून त्याने टाकलेल्या डावांनी भागतात. क्रिकेट इतकं दयाळू नाही. स्लिपमध्ये झेल सुटून चौकार गेला, तरी चार धावा गोलंदाजाच्याच.

चौथी पायरी, षटकांचे चेंडू करणं. ३.४ षटकं म्हणजे साडेतीनच्या आसपास काहीतरी, असं समजू नका. तीन षटकं आणि चार चेंडू, म्हणजे २२ चेंडू. समजा एका सामन्यात ३.४ आणि दुसऱ्यात २.५ षटकं टाकली. कॅल्क्युलेटर बेरीज ५.९ दाखवेल, पण ती चूक. खरे चेंडू २२ अधिक १७, म्हणजे ३९. षटकांत सांगायचं तर ६.३.

पाचवी पायरी, तीन भागाकार. सरासरी म्हणजे एका बळीमागे किती धावा मोजल्या: धावा भागिले बळी. इकॉनॉमी म्हणजे षटकामागे किती धावा दिल्या: धावा गुणिले ६ भागिले चेंडू. स्ट्राइक रेट म्हणजे किती चेंडूंमागे एक बळी: चेंडू भागिले बळी. दीप्तीच्या त्या सामन्यात सरासरी २.६७, इकॉनॉमी २ आणि स्ट्राइक रेट ८. तिन्ही आकडे जितके लहान तितके चांगले.

पडताळणीची युक्तीही लिहून ठेवा. इकॉनॉमीला स्ट्राइक रेटने गुणून ६ ने भागलं की सरासरी यायलाच हवी. २ गुणिले ८ म्हणजे १६, भागिले ६, म्हणजे २.६७. जुळलं नाही तर बहुधा चेंडू मोजताना चूक झालेली असते.

सहावी पायरी, कारकिर्दीची बेरीज. सामन्यांच्या सरासऱ्यांची सरासरी कधीही काढू नका. एका सामन्यात २० धावांत ४ बळी, सरासरी ५. दुसऱ्यात ४० धावांत १, सरासरी ४०. यांची सरासरी साडेबावीस येते, पण खरं उत्तर ६० धावांत ५ बळी, म्हणजे १२. आधी चेंडू, धावा आणि बळी वेगवेगळे मिळवा, भागाकार शेवटी एकदाच करा.

आता नाशिकच्या बापू नाडकर्णींचं खातं उघडू. ४१ कसोटी, ९१६५ चेंडू, २५५९ धावा, ८८ बळी. सरासरी २९.०७, इकॉनॉमी १.६७, स्ट्राइक रेट १०४.१. काही ठिकाणी सरासरी २९.०८ दिसेल. भागाकार २९.०७९५ असा येतो. कोणी पुढचे अंक सोडून देतं, कोणी पूर्णांकित करतं. दोन्ही बरोबर.

जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी पहिल्या डावात ३२-२७-५-० अशी गोलंदाजी केली. सलग २१ षटकं निर्धाव! त्या डावाची सरासरी काढायला जाल तर अडाल, कारण शून्याने भागता येत नाही; तिथे रेघ मारायची. कारकिर्दीतून तो एक डाव वगळून पाहिला, तर इकॉनॉमी १.७१ होते, सरासरी २९.०२ आणि स्ट्राइक रेट १०२. म्हणजे ज्या डावासाठी बापू आजही आठवतात, त्याने त्यांची इकॉनॉमी सुधारली, पण सरासरी आणि स्ट्राइक रेट बिघडवले.

शेजारी श्रीरामपूरचा झहीर खान ठेवा: ९२ कसोटी, १८,७८५ चेंडू, १०,२४७ धावा, ३११ बळी. सरासरी ३२.९४, बापूंपेक्षा कमी प्रतीची. पण बापूंना एका बळीसाठी १०४ चेंडू लागत, झहीरला साठ. एक धावा रोखणारा, दुसरा गडी बाद करणारा. एकट्या सरासरीवरून हे कळत नाही.

जुनी खाती पाहताना तीन गोष्टी जपा. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत षटक आठ चेंडूंचं होतं, म्हणून षटकांना डोळे झाकून सहाने गुणू नका. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाइड-नोबॉल गोलंदाजाच्या नावावर चढत नसत, त्यामुळे जुन्या सरासऱ्या किंचित सौम्य आहेत. आणि प्रथम श्रेणीच्या आकड्यांत कसोटी धरलेलीच असते: बापूंच्या प्रथम श्रेणीतल्या ५०० बळींमध्ये ते ८८ आहेत, वर मिळवायचे नाहीत.

आपल्या संघाच्या वहीत म्हणूनच प्रत्येक सामन्यानंतर चेंडू, धावा आणि बळी हे तीन रकाने न चुकता भरा. सरासरी नंतर केव्हाही काढता येते. न लिहिलेले चेंडू मात्र परत मोजता येत नाहीत.