वास्तव्याचा हक्क आणि नव्या गावाचे कर्तव्य

आयुष्य कोठे व्यतीत करावे, हा प्रथमदर्शनी वैयक्तिक आवडीचा प्रश्न वाटतो; परंतु त्या निवडीमागे राज्यघटनेचे पाठबळ आहे. १९५० मध्ये अंमलात आलेल्या घटनेच्या अनुच्छेद १९ अन्वये देशाच्या कोणत्याही भागात राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास लाभला आहे. सार्वजनिक हितासाठी अथवा अनुसूचित जमातींच्या हितरक्षणार्थ त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात.

मात्र घर बदलले तरी दप्तरातील नोंद आपोआप बदलत नाही आणि नवागताचा हक्क नेमका तेथेच अडखळतो. शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून मूल घरी बसते. वस्तुतः बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या अधिनियमातील कलम ५ नुसार दाखल्यास झालेला विलंब हे प्रवेश लांबविण्याचे वा नाकारण्याचे कारण ठरत नाही. मतदारास नमुना ८ भरून नव्या पत्त्यावर नाव नेता येते. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे अन्न सुरक्षेच्या लाभार्थ्यास परराज्यातही धान्य मिळू शकते.

सोयी आहेत; त्यांची माहिती नवागतापर्यंत पोहोचली पाहिजे. गाव निवडणे नागरिकाच्या हाती असते. त्या निवडीस अर्थ प्राप्त करून देणे मात्र तेथील शाळा, ग्रामपंचायत व शासकीय कर्मचारी यांच्याच हाती आहे.