सायकल शर्यतीचा कोकणी हिशेब

पाऊस सरला, रस्ते वाळले की रत्नागिरीत पहाटे भाट्याच्या पुलावर लाल दिवे लुकलुकू लागतात. हेल्मेट, चष्मा, पाठीच्या खिशात केळं. रत्नागिरीत, चिपळुणात, दापोलीत आता सायकलवाल्यांचे क्लब आहेत. रविवारी सगळ्यांबरोबर गप्पा मारत चक्कर मारता मारता एखाद्याच्या डोक्यात किडा वळवळतो: यंदा शर्यतीत उतरायचं का?

उतरा की! फक्त एक ध्यानात ठेवा. क्लबची पहिली शर्यत सर्वांत जास्त ताकद असलेल्याची असतेच असं नाही. असलेली ताकद शेवटच्या दोन किलोमीटरपर्यंत शिल्लक ठेवणाऱ्याची मात्र असते. आणि शिल्लक टाकण्याच्या बाबतीत कोकणी माणसाला कुणी काही शिकवावं, अशी परिस्थिती अजून आलेली नाही. तेव्हा हा घ्या काटकसरीचा चटपटीत पाढा.

वेग थोडा, खर्च फार

सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या पुढे गेलात की तुमची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. त्यात एक मेख आहे. हवेवर खर्च होणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वारा नसताना ३० वरून ३३ वर जायचं, तर वेग वाढला १० टक्के आणि हवेचं बिल वाढलं ३३ टक्के! शिट्टी वाजताच उधळणाऱ्यांचं दहाव्या किलोमीटरला काय होतं, ते यावरून कळावं.

कोपर वाकवा, पैसे वाचवा

हवा जे अडवते त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग सायकलचा नसतो, सायकलस्वाराचा असतो. म्हणून लाखाची चाकं घेण्याआधी कोपरं वाकवून, पाठ खाली घेऊन अर्धा तास बसता येतं का ते पाहा. फडफडणारा ढगळ टीशर्ट घरी ठेवा. शर्यतीचा नंबर चारही कोपऱ्यांना पिना लावून घट्ट बसवा. पिनांचा खर्च सर्वांत कमी, फायदा मात्र शेवटच्या मीटरपर्यंत.

पाठीमागे राहण्यात कमीपणा नाही

पुढच्याच्या मागच्या चाकाजवळ राहिलात तर तुमची एक चतुर्थांशाहून जास्त मेहनत वाचू शकते. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनचे वायुगतितज्ज्ञ बर्ट ब्लोकेन यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या झुंडीचा अभ्यास केला. झुंडीच्या आत, मागच्या बाजूला असलेल्यांना एकट्याच्या तुलनेत फक्त ५ ते १० टक्के वारा सोसावा लागतो, असं त्यात दिसलं.

पण ही सवलत फुकट नाही. आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला बाजूने भिडवायचं नाही. तो जरा वळला तर तो वाचतो, तुम्ही आडवे. अचानक ब्रेक नाही, खड्डा दिसला की हाताने खूण आणि तोंडाने आरोळी. आपली पाळी आली की पुढे जाऊन वाराही खायचा. हे सगळं शर्यतीच्या दिवशी शिकायचं नसतं. क्लबच्या रविवारच्या चकरा त्याचसाठी असतात.

भूगोलाचा धडा रस्त्यावर

खारे वारे आणि मतलई वारे शाळेत दोन गुणांसाठी पाठ केले होते ना? आता ते पुन्हा काढा. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. दिवस वर आला, जमीन तापली की वारा फिरतो आणि समुद्राकडून आत येऊ लागतो. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला निघालात तर सुमारे २५ किलोमीटर समुद्र डाव्या हाताला. पहाटे वारा उजवीकडून लागतो, उशीर झाला की डावीकडून.

आडव्या वाऱ्यात आडोसा पुढच्याच्या थेट मागे मिळत नाही, तिरकस मागे मिळतो. वारा डावीकडून असेल तर पुढच्याच्या उजव्या अंगाला जरा मागे सरका. मात्र हा खेळ वाहतूक बंद असलेल्या रस्त्यावरच. समोरून एसटी आली तर तिला भूगोल सांगता येत नाही.

घाट नसलेली घाटाई

आंबा घाट लांब राहिला, पण रत्नागिरीत पाय मोडायला घाट लागतच नाही. इथल्या किनाऱ्याचा रस्ता म्हणजे खाडीचा पूल, मग जांभ्याचा सडा, मग पुन्हा खाडी. भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे निघालात की समुद्रसपाटीवरून थेट गोळपचा चढ. वर जाऊन हुश्श करावं तर पुढे उतार, आणि उतारानंतर पुन्हा चढ.

असे चढ लहान वाटतात, म्हणून नवखा उभा राहून दणादण मारतो. तिसऱ्या चढाला मांड्या संप पुकारतात. बसून, हलक्या गिअरवर जा. पुढे ३४ दातांचं चक्र आणि मागे २८ दातांचं असेल, तर मिनिटाला ८० वेळा पाय फिरवून ताशी सुमारे १२ किलोमीटर वेग राहतो. दिसायला संथ, पण पुढच्या चढासाठी पाय जिवंत राहतात.

एक किलो म्हणजे किती सेकंद?

सायकलच्या जागतिक संघटनेचा, म्हणजे यूसीआयचा नियम असा, की शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असता कामा नये. जगात सायकल जास्त हलकी झाली म्हणून हटकणारे लोक आहेत, हे ऐकून आपल्या १२ किलोच्या सायकलला काय वाटत असेल!

पण हिशेब करून पाहा. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो. त्यातला एक किलो कमी केला, तर १० मिनिटांच्या तीव्र चढावर वाचतील जेमतेम साडेसात सेकंद. तेवढे सेकंद तर सुरुवातीच्या रेषेवर बुटाची नाडी बांधतानाच जातात.

राजे आणि ठिपके

मुंबई–पुणे ही महाराष्ट्रातली नावाजलेली सायकल शर्यत. तिच्यात बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. टूर द फ्रान्समध्येही चढाचा राजा असतो. चढाची ही स्पर्धा तिथे १९३३ पासून, आणि तिची लाल ठिपक्यांची जर्सी १९७५ पासून. ठिपके आले कुठून? प्रायोजक असलेल्या चॉकलेट कंपनीच्या वेष्टनावरून!

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने यूसीआयच्या २.२ दर्जाची, सुमारे ४३७ किलोमीटरची टप्प्याटप्प्यांची शर्यत पुणे जिल्ह्यात झाली. म्हणजे बाहेरच्या देशांतले व्यावसायिक सायकलपटू आपल्या सह्याद्रीत घाम गाळून गेले. आता आपली पाळी.

खिशात आंबापोळी

शरीरात साखरेचा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो. जोरात सायकल मारली की तो दीड-दोन तासांत तळ गाठतो. मग डोळ्यांपुढे काजवे, पायांत शिसं, आणि चिडचिड फुकट. म्हणून तासाभराहून लांब शर्यतीत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात असतात सुमारे २५.

परदेशी जेलची पाकिटं महाग वाटत असतील तर फडताळ उघडा. आंबापोळी, फणसपोळी, खजूर, चिक्की. पोळीचे बोटभर तुकडे कापून कागदात गुंडाळा, एका हाताने सुटतील असे. नियम एकच: सरावात न खाल्लेलं काहीही शर्यतीत खायचं नाही. आदल्या रात्री कोळंबीवर ताव मारायचा मोहही आवरा. ती पळून जात नाही, संध्याकाळी मिळेल.

घामाचा वजनकाटा

कोकणच्या दमट हवेत घाम येतो भरपूर, पण वाळत नाही. आणि अंग गार होतं ते घाम वाळल्यामुळे, नुसता गळल्यामुळे नव्हे. आपला घाम किती, हे ठरवायची युक्ती सोपी आहे. एक तास सरावाच्या आधी आणि नंतर वजन करा. मध्ये पाणी प्यायला नसाल तर एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. वजनाच्या २ टक्क्यांहून जास्त घट झाली की कामगिरी ढासळू लागते. ७० किलोच्या माणसाला ही मर्यादा १.४ किलोची. बाटलीत मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत उत्तम. मीठही पोटात जातं, तोंडही विटत नाही.

चेनचं वय पट्टीवर

सायकलच्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. म्हणजे २४ अंतरं बरोबर १२ इंचांची. एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवा. चोविसावं अंतर जिथे संपतं ती पिन १२ इंचांच्या एक-सोळांश इंच पुढे गेली असेल, तर चेन झिजली. आता तिला बदललं नाही तर ती मागचे गिअरही खाऊन टाकील. किनाऱ्यावरून फिरून आल्यावर खारट थर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा, मग तेलाचा एकेक थेंब. डबाभर तेल ओतलंत तर तांबडी धूळ आनंदाने मुक्कामाला येते.

पोराच्या तीनचाकीचे उपकार

जॉन बॉइड डनलॉप हा जनावरांचा डॉक्टर. १८८८ मध्ये त्याने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. हा टायर सुचला कशासाठी, तर पोराच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून. पुढच्याच वर्षी बेलफास्टमध्ये विली ह्यूमने हवेच्या टायरांवर शर्यती जिंकल्या आणि भरीव रबराचे दिवस भरले.

आजची अडचण वेगळी. शर्यतीच्या सायकलला बहुधा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला लागत नाही. पितळेचा छोटासा अडॅप्टर जवळ ठेवा. बोटाच्या पेराएवढी वस्तू, पण ती नसेल तर ऐन पहाटे सगळी तयारी फुस्स.

भात्याचा दंड

पंक्चर स्वतः काढायला का शिकायचं? १९१३ च्या टूर द फ्रान्समध्ये युजेन क्रिस्तोफच्या सायकलचा फोर्क पिरेनीज पर्वतात मोडला. तेव्हा दुरुस्तीत दुसऱ्याची मदत चालत नसे. पठ्ठ्या सायकल खांद्यावर घेऊन कित्येक किलोमीटर चालत गावातल्या लोहाराच्या भट्टीवर गेला आणि स्वतःच्या हाताने फोर्क जोडला. फक्त भाता एका मुलाने मारला. तेवढ्यावरून त्याला दंड! आपले क्लब इतके कडक नसतात, पण सुटी ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि छोटा पंप स्वतःचाच हवा.

आळसाला शास्त्राची मान्यता

शर्यत जवळ आली की नवख्याला घाबरून जास्त सराव करावासा वाटतो. शास्त्र उलट सांगतं. शेवटचे सुमारे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणा, मात्र अधूनमधून जोर तोच ठेवा. स्नायूंची डागडुजी होते, साखरेची कोठारं भरतात. घरच्यांनी विचारलं, “आज सायकल नाही?” तर ताठ मानेने सांगा, “सराव चाललाय.”

दमाचा खेळ वेगळा

ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. तिथे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे केले की झालं, पहिला-दुसरा कुणी नाही. दमाच्या या वाटेवर मराठी मुलखाची परंपरा जुनी आहे. १९२३ मध्ये मुंबईहून काही पारशी तरुण सायकलने जगप्रदक्षिणेला निघाले आणि त्यांतले तिघे १९२८ मध्ये ती पुरी करून परतले. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये विशीतच पृथ्वीला सायकलने वळसा घातला. दम कमवायचा असेल तर आधी ब्रेव्हे करा, शर्यतीत तो खर्चायला मिळेल.

शेवटून पहिला

१८६९ च्या पॅरिस–रुआँ शर्यतीत जेम्स मूरने १२३ किलोमीटर साडेदहा तासांच्या आसपास कापून पहिला नंबर काढला. म्हणजे ताशी जेमतेम १२ किलोमीटर. तुमच्या क्लबातला सर्वांत मागचा गडीसुद्धा त्याला आज आरामात मागे टाकील.

आणि १९०३ च्या पहिल्या टूर द फ्रान्समध्ये निघाले ६०, पोचले २१. एकविसावा आर्सेन मिलोशो विजेत्यापेक्षा जवळजवळ ६५ तास मागे होता. तरीही निकालात त्याचं नाव आहे, आणि वाटेत सोडून गेलेल्या ३९ जणांचं नाही. तेव्हा पहिल्या शर्यतीत पाच मिनिटं मागे पडलात तर मुळीच ओशाळू नका. पोचा, नाव नोंदवा आणि पुढच्या शर्यतीची तारीख विचारूनच घरी जा.